उजेडाने कठीण होणारा स्फटिक आणि आपली प्रयोगशाळा

स्मरणिकेच्या संपादक मंडळाने शाळेच्या पुढील वाटचालीविषयी माजी विद्यार्थ्यांची मते मागविली आहेत. आरंभकाळातील कष्ट, गावोगाव धान्य गोळा करून चालविलेले वसतिगृह, पत्र्याच्या खोल्यांत भरणारे वर्ग यांविषयी माझ्यापेक्षा अधिकाराने लिहिणारे ज्येष्ठ याच अंकात आहेत. त्यांच्या वाटेला न जाता मी कार्बनच्या एका स्फटिकाविषयी लिहिणार आहे, आणि त्याच्या आधारे एक मागणी मांडणार आहे. जमणाऱ्या निधीतून आणखी एक सभागृह बांधण्याचा विचार चालू असल्याचे ऐकतो. त्याआधी मुलांना स्वतःच्या हाताने मोजमाप करता येईल अशी प्रयोगशाळा उभी राहावी, असे माझे मत आहे. स्फटिकाचा आणि या मागणीचा संबंध काय, हे वाचकांनी थोडा धीर धरून पाहावे.

आपल्या राज्याच्या नववीच्या विज्ञानाच्या पुस्तकात कार्बनवर एक स्वतंत्र प्रकरण आहे. त्यात हिरा, ग्रॅफाइट आणि फुलरीन अशी कार्बनची तीन स्फटिकरूपे येतात. हिरा कठीण का, ग्रॅफाइट मऊ का, हे मुले पाठ करतात. फुलरीनच्या वाट्याला मात्र थोड्याच ओळी येतात: साठ कार्बन अणू, फुटबॉलसारखा आकार, आणि पुढचा प्रश्न. या थोड्या ओळींमागे केवढे काम उभे आहे याची कल्पना मुलांना नसते. बहुतेकदा ती शिक्षकांनाही देण्यात आलेली नसते.

१९८५ साली अमेरिकेतील राइस विद्यापीठात हॅरॉल्ड क्रोटो, रिचर्ड स्मॉली आणि रॉबर्ट कर्ल यांनी, आपल्या विद्यार्थ्यांसह, ग्रॅफाइटवर लेझरचा मारा करून त्याची वाफ केली. त्या वाफेत साठ अणूंचा एक समूह वारंवार आढळू लागला. तो इतका टिकाऊ का, या प्रश्नाचे उत्तर आकारात सापडले: बारा पंचकोन आणि वीस षट्कोन जोडून झालेला बंद गोल. बकमिन्स्टर फुलर या वास्तुरचनाकाराच्या घुमटांवरून त्याला नाव मिळाले. तरी पाच वर्षे तो हाताळता येईल एवढ्या प्रमाणात कोणालाच मिळत नव्हता. १९९० मध्ये जर्मनीतील वोल्फगांग क्रेट्शमर आणि अमेरिकेतील डोनाल्ड हफमन यांच्या गटांनी सोपी वाट शोधली. हीलियम वायूत ग्रॅफाइटच्या कांड्यांमध्ये विजेची ज्योत पेटवायची, जमलेली काजळी खरवडायची आणि बेंझीनमध्ये विरघळवायची. काजळीतला बाकी कार्बन खाली राहतो, फुलरीन विरघळतो. क्रोटो, स्मॉली आणि कर्ल यांना १९९६ चे रसायनशास्त्राचे नोबेल मिळाले. बंगळुरूमध्ये सी. एन. आर. राव आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी नव्वदच्या दशकाच्या आरंभीच फुलरीनवर काम सुरू केले होते. आंध्रातील मंगमपेट येथील प्राचीन खडकात, आणि पुढे कच्छमधील अंजार येथे दख्खनच्या लाव्हाथरांमधील गाळातही, भारतीय शास्त्रज्ञांनी नैसर्गिक फुलरीनची नोंद केली. आपला बालाघाटाचा डोंगर त्याच लाव्हाचा आहे. म्हणजे हा विषय वाटतो तेवढा परका नाही.

आता मूळ मुद्दा. फुलरीनचा एकटा रेणू अतिशय चिवट असतो, परंतु त्याचा स्फटिक मऊ असतो. बाजारात फळवाला मोसंब्यांचा ढीग रचतो, तसे हे गोल एकमेकांवर रचलेले असतात. प्रत्येक मोसंबे भक्कम असले तरी एका मोसंब्याला दुसऱ्याशी बांधणारे काही नसते. धक्का लागला की थर सरकतो. फुलरीनच्या गोलांमध्ये ओढ असते, पण ती फार क्षीण. म्हणून स्फटिकावर दाब पडताच आतले थर एकमेकांवरून घसरतात. शिवाय खोलीच्या तापमानाला हे गोल आपापल्या जागी गरगर फिरत असतात. तापमान सुमारे उणे १३ अंशांखाली गेले की हे मुक्त फिरणे थांबते. ही बारीक गोष्ट वाचकांनी लक्षात ठेवावी. पुढे ती कामी येणार आहे.

काठिण्य मोजण्याची रीत मुलांना समजेल एवढी साधी आहे. हिऱ्याचा एक चिमुकला, चौकोनी पायाचा मनोरा ठरावीक वजनाने पृष्ठभागावर दाबायचा आणि उठलेल्या ठशाचे कर्ण सूक्ष्मदर्शकाखाली मोजायचे. ठसा मोठा तर पदार्थ मऊ, ठसा लहान तर कठीण. नव्वदच्या दशकात जपानमधील योकोहामा आणि लाटव्हियातील रिगा येथील संशोधकांनी फुलरीनच्या स्फटिकांवर असे ठसे घेतले. अंधारात ठेवलेल्या स्फटिकापेक्षा उजेडात ठेवलेल्या स्फटिकावरचा ठसा लहान उमटला. नुसत्या प्रकाशाने स्फटिक कठीण झाला होता.

असे का होते याचा धागा १९९३ सालच्या एका शोधनिबंधाने दिला होता. केंटकी विद्यापीठात अप्पाराव राव, पीटर एकलंड आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी फुलरीनच्या पातळ थरावर दृश्य व अतिनील प्रकाश टाकला. त्यानंतर जो थर पूर्वी टोल्युइनमध्ये सहज विरघळत असे, तो विरघळेनासा झाला. शेजारच्या दोन गोलांवरील दुहेरी बंध प्रकाशाच्या ऊर्जेने उघडून एकमेकांत गुंतले होते. चार कार्बन अणूंचे एक कडे तयार होऊन गोलाला गोल जोडला गेला होता. सुट्या मोसंब्यांच्या ढिगात मधूनमधून कोणी खिळे ठोकावेत, तसे. ढीग आता सहज सरकत नाही. काठिण्य वाढते ते यामुळे. प्रकाश मात्र फार आत पोचत नाही, त्यामुळे ही कठीण साल पातळ असते. हिऱ्याचे टोक जोराने दाबले तर ते सालीखालच्या मऊ भागात उतरते आणि फरक कमी दिसतो. किती वजनाने दाबायचे, हेदेखील विचारपूर्वक ठरवावे लागते.

माझ्या मते या कामातला सर्वांत सुंदर भाग पुढेच आहे. कोणीही चिकित्सक विद्यार्थी विचारील की, दिव्याखाली ठेवलेला स्फटिक तापतोही. मग काठिण्य प्रकाशाने वाढले की उष्णतेने? याचे उत्तर तर्काने मिळत नाही, प्रयोगाने मिळते. जोडले गेलेले हे स्फटिक सुमारे दोनशे अंशांपर्यंत तापविले की जोड सुटतात आणि गोल पुन्हा सुटे होतात. उष्णता प्रकाशाच्या विरुद्ध काम करते, तेव्हा श्रेय तिला देता येत नाही. दुसरा प्रश्न: गोल खरोखर फिरावे लागतात का? थर उणे १३ अंशांपेक्षा थंड करून प्रकाश टाकला, तर जोड होत नाहीत. दोन दुहेरी बंध समोरासमोर यायला गोलांना वळता आले पाहिजे. गोल अडकले की प्रकाश असूनही काही घडत नाही. तिसरा प्रश्न: हवेचे काय? ऑक्सिजन आत शिरला असेल तर तो प्रकाशाने मिळालेली ऊर्जा मधेच काढून घेतो आणि जोड होण्यात अडथळा येतो. प्रत्येक शंकेसाठी एक वेगळा नमुना, एक वेगळी अट, एक वेगळे मोजमाप. इतके केल्यावरच ‘प्रकाशाने’ हा शब्द लिहिण्याचा अधिकार मिळतो.

आपल्याकडे प्रकाश हा शब्द भाषणांत फार स्वस्त झाला आहे. प्रत्येक उद्घाटनाला दीप लागतो आणि प्रत्येक वक्ता अंधार हटवितो. या स्फटिकाचीही एखादी बोधकथा करून टाकण्याचा मोह कोणाला होईल: प्रकाशाने मनुष्य कणखर होतो वगैरे. कृपा करून तसे करू नये. हाच प्रकाश बाहेर टाकलेल्या बादलीला तडे देतो आणि दाताच्या डॉक्टरांकडे निळ्या दिव्याच्या रूपाने दातात भरलेला मऊ लगदा काही सेकंदांत घट्ट करतो. २०१८ साली जपानच्या नागोया विद्यापीठातील संशोधकांनी झिंक सल्फाइडचे स्फटिक दाबून पाहिले. उजेडात ते तडकन फुटले. पूर्ण अंधारात मात्र न फुटता जवळपास ४५ टक्क्यांपर्यंत दबले. पदार्थ बदलला की प्रकाशाचे वर्तन बदलते. उपमा सगळीकडे लागू पडते म्हणूनच ती काही सिद्ध करीत नाही. मोजमाप एका ठिकाणीच लागू पडते, आणि त्या ठिकाणी ते खरे असते.

काठिण्य म्हणजे बळकटी नव्हे, हेही आपल्या जिल्ह्याने फार मोठी किंमत देऊन शिकले आहे. केंटकीचा तो निबंध आला त्याच वर्षी, ३० सप्टेंबर १९९३ च्या पहाटे, किल्लारीचा भूकंप झाला. लातूर जिल्ह्याबरोबर आपल्याकडील सास्तूर व उमरगा-लोहारा परिसरही उद्ध्वस्त झाला; सुमारे दहा हजार माणसे गेली. घरे कशाची होती? काळ्या पाषाणाची. त्याहून कठीण दगड आपल्याला ठाऊक नव्हता. हात-दीड हात रुंदीच्या भिंती, वर मातीचे जड माळवद. दगड फुटला नाही, दगड सुटला. चिखलात रचलेल्या दगडांना एकमेकांशी बांधणारे काही नव्हते आणि डोक्यावर मातीचा भार होता. पुढे पुनर्वसनात घरांच्या भिंतींना जोडणारे सलग पट्टे, हलकी छपरे, कोपऱ्यांना बांधणी या गोष्टी आल्या. त्या मागील विचार फुलरीनच्या ढिगातील खिळ्यांपेक्षा फार वेगळा नाही: एकेक घटक किती कठीण याहून तो शेजाऱ्याशी कसा जोडला आहे, हे अधिक निर्णायक असते. त्या पहाटेची आठवण असलेले पालक आजही आहेत. त्यांच्या नातवंडांना ‘कठीण’, ‘ठिसूळ’, ‘चिवट’ हे तीन शब्द तीन वेगळ्या मोजमापांची नावे आहेत, हे शाळेत शिकायला मिळू नये?

यावर पालकांचा प्रश्न ठरलेला आहे आणि तो मी अनेक सभांत ऐकला आहे: ‘सर, याचा पोराला उपयोग काय?’ प्रश्न अपमानास्पद नाही. ज्या घरात दिवाळीनंतर कोयता घेऊन कारखान्याच्या वाटेला लागावे लागते आणि मुलाला वसतिगृहात ठेवावे लागते, त्या घराला हा प्रश्न विचारण्याचा पूर्ण अधिकार आहे. उत्तर म्हणून मी सांगू शकतो की, फुलरीनपासून केलेली संयुगे नव्या प्रकारच्या पातळ सौरघटांत वापरली गेली आहेत आणि लंडनच्या इम्पीरियल कॉलेजमधील संशोधकांनी २०१३ मध्ये दाखविले की, थरावर आधी प्रकाश टाकून रेणू जोडून घेतले तर असे घट उष्णतेत अधिक टिकतात. उन्हाची कमतरता नसलेल्या आपल्या जिल्ह्याला हे ऐकून बरे वाटेल.

पण माझा युक्तिवाद या उत्तरावर उभा नाही, आणि मला तो त्यावर उभा करायचाही नाही. उपयोगाचा प्रश्न आपल्याच मुलांना का विचारला जातो, हा माझा प्रश्न आहे. मोठ्या शहरातील महागड्या शाळेत मुलगी दुर्बीण घेऊन गुरूचे चंद्र पाहते तेव्हा तिला उपयोग विचारीत नाहीत; तिचे कौतुक करतात. आपल्या मुलाने तेच केले तर ‘पोलीस भरतीचे मैदान कधी मारणार?’ असे विचारतात. भरतीला माझा विरोध नाही. आपल्या शाळेतून गेलेल्या शिपायांनी कितीतरी घरे उभी केली आहेत. परंतु काहींनी निखळ कुतूहलाने जगाकडे पाहावे आणि उरलेल्यांनी त्यांच्या शोधांवर चालणारी यंत्रे दुरुस्त करावीत, अशी वाटणी कोणी केली? बाबासाहेबांनी १९४६ साली मुंबईत सिद्धार्थ महाविद्यालय काढले ते कला आणि विज्ञान महाविद्यालय म्हणून. पैसा अपुरा असतानाही विज्ञान त्यांनी नंतरसाठी ठेवले नाही. प्रयोगशाळा ही खर्चिक गोष्ट आहे, हे त्यांना आपल्यापेक्षा अधिक ठाऊक असणार.

सध्याच्या प्रयोग परीक्षेची स्थिती वाचकांना सांगायला नको. मागच्या तुकडीची वही पुढच्या तुकडीकडे जाते, निरीक्षणे आकड्यांसह उतरविली जातात आणि निष्कर्ष प्रयोगाच्या आधीच लिहून होतो. मी पंचवीस वर्षे विज्ञान शिकविले. अशा वह्या शेकड्यांनी तपासल्या. त्यांत कधी एकही चुकीचे निरीक्षण नसते, आणि हाच त्यांचा सर्वांत मोठा दोष आहे. खऱ्या मोजमापात आकडे डगमगतात. तेच वजन, तोच पदार्थ, तरी दहा ठशांचे दहा आकडे येतात. मग सरासरी घ्यावी लागते, एखादा आकडा का भरकटला हे पाहावे लागते. मुलाने हे एकदा अनुभवले की वर्तमानपत्रातील, जाहिरातीतील आणि व्यासपीठावरील आकड्यांकडे तो वेगळ्या नजरेने पाहू लागतो. कोणी सांगितले म्हणून न मानता स्वतः येऊन पाहावे, ही शिकवण आपल्या परंपरेत अडीच हजार वर्षे जुनी आहे. ती वंदनेपुरती राहू नये एवढेच.

आपल्या शाळेत फुलरीनचा प्रयोग होणार नाही, हे मी जाणतो. त्यासाठी शुद्ध स्फटिक, निर्वात नळ्या आणि सूक्ष्म काठिण्यमापक लागतो. पण त्या प्रयोगाचा सांगाडा जसाच्या तसा घेऊन तो स्वस्त वस्तूंवर करता येतो. आपल्या शेतांत ठिबकच्या नळ्या असतात. त्या काळ्याच का? त्यांत बारीक काजळी मिसळलेली असते. ती ऊन शोषून घेते आणि प्लास्टिकला वाचविते. मग पांढऱ्या पिशवीच्या, निळ्या ताडपत्रीच्या आणि काळ्या नळीच्या एकाच मापाच्या पट्ट्या कापाव्यात. एक संच गच्चीवर उन्हात. दुसरा संच गच्चीवरच, पण काळ्या कापडाखाली, म्हणजे ऊब मिळेल आणि उजेड मिळणार नाही. तिसरा संच खोलीतील पेटीत. दर महिन्याला प्रत्येक संचातील दहा पट्ट्या मोडेपर्यंत वाकवायच्या, किंवा खाली वजने अडकवून कितीला तुटतात ते लिहायचे. ऊन की उष्णता, हा केंटकीतला प्रश्न इथे धाराशिवच्या गच्चीवर विचारला जाईल, आणि त्याचे उत्तर कोणत्याही मार्गदर्शक पुस्तकात छापलेले नसेल. अशा नोंदी दोन-तीन वर्षे टिकल्या, तर नळी किती उन्हाळे चालते हे शेतकऱ्याला सांगण्याइतपत माहिती शाळेकडे असेल. (उपयोग विचारणाऱ्यांसाठी हे जाता जाता.)

खर्चाचे म्हणाल तर पहिल्या वर्षी लागेल ते असे: दोन बरे सूक्ष्मदर्शक, एक अचूक तराजू, वजनांचा संच, तापमापक, टेबले, पाण्याचा नळ आणि कुलूप नसलेले कपाट. शेवटची अट मी जाणूनबुजून घालतो आहे. साहित्य खराब होईल म्हणून कपाटात बंद ठेवलेली प्रयोगशाळा मी अनेक ठिकाणी पाहिली आहे. साहित्य फुटेल, फुटू द्यावे. दरवर्षी थोडी रक्कम फुटतुटीसाठी वेगळी ठेवावी. मुलींच्या वसतिगृहाची स्वच्छतागृहे आणि पिण्याच्या पाण्याची टाकी ही कामे प्रयोगशाळेच्याही आधीची आहेत, हे मला मान्य आहे. सभागृह मात्र थांबू शकते. आपले कार्यक्रम आजवर मैदानात मांडवाखाली उत्तम झाले आहेत.

माणसांचा प्रश्न पैशापेक्षा अवघड आहे, आणि तिथे माजी विद्यार्थ्यांनी पुढे यावे. आपल्यापैकी काहीजण औषध कंपन्यांत, काही महावितरणमध्ये, काही महाविद्यालयांत आहेत. डॉ. बाबासाहेब आंबेडकर मराठवाडा विद्यापीठाचा उपपरिसर धाराशिवातच आहे; महिन्यातून एक शनिवार तिथला एखादा संशोधक विद्यार्थी आपल्या नववी-दहावीच्या मुलांबरोबर बसला तर पुरेसे आहे. वर्षातून एकदा पुण्याच्या राष्ट्रीय रासायनिक प्रयोगशाळेला किंवा आयसरला दहा-पंधरा मुले न्यावीत. मात्र इमारत दाखवून आणू नये; प्रश्न आधी लिहून घेऊन जावे. सत्काराच्या शालींवर होणारा खर्च एक वर्ष वाचविला तरी एका सहलीचे भाडे निघेल, असा माझा अंदाज आहे. सत्कारमूर्ती रागावणार नाहीत. त्यांतील बरेचजण याच शाळेचे आहेत.

निधी समितीची बैठक या समारंभानंतर होईल. तिच्यापुढे हा प्रस्ताव लेखी ठेवला जावा, एवढी विनंती. तोवर थांबण्याचेही कारण नाही. पट्ट्यांच्या प्रयोगाला निधी लागत नाही. गच्चीवर कपडे वाळविण्याची दोरी आहे, ताडपत्रीचे तुकडे आहेत आणि मार्चपासून ऊन आहे. नववीच्या एका तुकडीने जबाबदारी घेतली तर पहिल्या नोंदी जूनमध्ये शाळा उघडेपर्यंत फलकावर लागतील.